एकाच हॉलमध्ये दोन सुपाऱ्या

आमच्या धंद्यात सुपारी म्हणजे काय, हे आधी सांगून टाकते, नाहीतर दिवाळी अंक वाचता वाचता कुणी पोलीस चौकी गाठायचं. कार्यक्रम ठरला की यजमान विसार देतो. त्याला आम्ही गाणारे-वाजवणारे सुपारी म्हणतो. एकदा ती घेतली की अंगात ताप असो की घरात पाहुणे असोत, स्टेजवर बसायचं म्हणजे बसायचं. आणि एकाच वेळेच्या दोन सुपाऱ्या घेणं याला डबल म्हणतात. डबल करणाऱ्याचं नाव खराब होतं आणि करतात सगळेच.

मी ढोलक वाजवते आणि गाते. पोट मात्र विठ्ठलवाडीच्या एका प्रसूतिगृहात आयाची नोकरी करून भरलं. संपादकांनी मला 'गायिका' म्हणून लिहायला सांगितलं आहे. आमच्या जुन्या मेट्रनबाईंच्या हातात हा अंक पडला तर त्या म्हणतील, "अगं, ही तर आपली बेडपॅनवाली शशी." दोन्ही खरं आहे.

लोकांना वाटतं, कलाकार म्हणजे जन्मापासून कलाकारच. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या आमच्या पट्ट्यात, दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत, असा एकही माझ्या पाहण्यात नव्हता. बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवणारा दिवसा जीन्सच्या पँटी शिवायचा. ऑक्टोपॅडवाला अँथनी रविवारी सकाळी चर्चमध्ये, दुपारी साईभंडाऱ्यात आणि संध्याकाळी वरातीत वाजवायचा, तिन्हीकडे तोच एक शर्ट घालून. कव्वालीत टाळ्या देणारा एक जण लाकडाच्या वखारीत होता आणि स्मशानाला लाकडं पुरवायचा. त्याच्याइतका जिवंत ठेका मी दुसऱ्या कुणाचा ऐकला नाही. हल्ली आम्ही सगळे मिळून एका पेनड्राइव्हमध्ये मावतो. तो पेनड्राइव्ह चहा मागत नाही की जेवणाची वेळ विचारत नाही, त्यामुळे यजमान खूश असतात. मला वाईट वाटतं, पण ते असो.

मी मूळची अंबरनाथची. वडील काडेपेटीच्या कारखान्यात कामाला आणि एरवी भीमगीतांच्या गायन पार्टीत ढोलकीला. भीमजयंतीच्या दिवसांत ते आम्हाला घरात दिसायचेच नाहीत. मुलीनं ढोलकी धरू नये असं आमच्या वस्तीत कुणी म्हटलं नव्हतं, फक्त कुणी धरायला दिली नव्हती. वडील पाळीला गेले की मी ती खुंटीवरून काढायचे. डाव्या हाताचा तळवा जाड पुडीवर, म्हणजे कातड्यावर, दाबून पुढे सरकवला की ढोलकी गुरगुरते, त्याला घुमारा म्हणतात. वडिलांचा घुमारा अंबरनाथभर प्रसिद्ध होता. मी तो त्यांच्या पाठीमागे बसून चोरला.

सिंधी भाषा मला प्रसूतिगृहानं शिकवली. कळा देताना बाई जे बोलते ते कुठल्याच पुस्तकात नसतं, त्यामुळे मला शिव्या आधी आल्या आणि गाणी नंतर. बाळ झालं की सासवा आणि आत्या वॉर्डातच लाडा म्हणायला लागायच्या. लाडा म्हणजे सिंध्यांची लग्नकार्यातली गाणी. बायकांनी घोळका करून ढोलकवर म्हणायची. मी औषधांचा ट्रे पालथा घालून ठेका धरायचे. मग त्या मला घरच्या लग्नांना बोलवायला लागल्या आणि मी 'शशी अदी' झाले. अदी म्हणजे ताई. ज्यांनी मला वॉर्डात पाहिलं नव्हतं त्या मला सिंधीच समजायच्या. "तूं किथां जी आहीं?", म्हणजे तू कुठली, असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, कॅम्प एक. उल्हासनगरात माझी खोली तिथंच होती. विचारणारीला सिंधमधलं गाव हवं असायचं, मी आपला पत्ता सांगायचे.

माझ्या बरोबर उलटा लच्छू. कॅम्प एकमधल्या पापडवाल्याचा मुलगा, जातीचा सिंधी. घरासमोर मराठी शाळा होती म्हणून मराठीत शिकला आणि शेजार आमच्या लोकांचा म्हणून भीमगीतं ऐकत वाढला. दिवसा मोबाइलची रिचार्ज कूपनं विकायचा. संध्याकाळी निळा फेटा बांधून बाबासाहेबांवरचं गाणं उचललं की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावायच्या. बोर्डावर त्याचं नाव लक्ष्मण. कुणी आडनाव विचारलंच तर म्हणायचा, "भीमाच्या गाण्याला आडनाव कशाला पायजे, काका?" यावर टाळ्या पडायच्या आणि प्रश्न तिथंच राहायचा.

आमच्या पार्टीतले तिसरे करंदीकरसाहेब. राहायला बदलापूर, नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलचे अधिकारी. हार्मोनियम रीतसर गुरूकडे शिकलेले. आमच्याकडे कीबोर्ड वाजवायचे आणि घरी सांगायचे, भजनाला जातो. प्रत्येक गळ्याची पट्टी वेगळी असते, लच्छूची काळी दोन, माझी पांढरी पाच. कीबोर्डला एक बटण असतं. ते दाबलं की बोटं त्याच पट्ट्यांवर ठेवून सूर वर किंवा खाली नेता येतो. साहेब त्या बटणाला शुद्ध फसवणूक म्हणायचे आणि दर गाण्याला दाबायचे.

तर एका दुपारी प्रसूतिगृहाच्या मागच्या दाराशी कोमल आली. कॅम्प एकमधल्या कापडवाल्या हरेशभाईंची ही मुलगी माझ्यासमोर जन्मलेली. आई ती लहान असतानाच गेली, वॉर्डात कधी न आलेल्या दादीनं तिला वाढवलं. आता कोमलचं अंबरनाथच्या मिलिंदशी जमलं होतं. मिलिंद बँकेत, घर आमच्यातलं, बौद्ध. दोन्हीकडचे बाप कुरकुरत का होईना तयार झाले होते. अडलं होतं दादीपाशी.

"नाही म्हणते का?" मी विचारलं.

"ना बोलती तो झगड़ा करती मैं. बोलती है, लड़का अच्छा है, घर अच्छा है. पर उस घर में लाडा कौन गाएगा? तेरे बच्चों को अपने गाने कौन सुनाएगा?" कोमल पायरीवरच बसली. "एकच बात मानली तिने, ताई. लग्नाच्या आधी लाडा व्हायला पाहिजे आणि गानेवाली अपनी पाहिजे. असली. तर येते बोलली. नाहीतर खोलीत बसून राहीन बोलली."

"अगं, मग मी कुठली अपनी?"

"तुम बताना मत ना. तिला तसं पण नीट दिसत नाही."

"आणि नाहीच आली दादी तर?"

"शादी तो करूँगी," कोमल म्हणाली, "पण रडत रडत करीन."

मी सुपारी घेतली. त्या मुलीला पहिली आंघोळ मी घातली होती, तिला लग्नात रडू कशी देऊ?

इकडे त्याच आठवड्यात मिलिंदचे वडील लच्छूच्या दुकानावर गेले. त्यांना सगळे सोनावणेभाऊ म्हणत. तरुणपणी स्वतः गायन पार्टीत कोरसला असलेले, आवाज भरदार आणि मत त्याहून भरदार. ते म्हणाले, "लक्ष्मण, हळदीला कार्यक्रम आपल्याच माणसांचा पायजे. ती मंडळी काय वाजवतील ते वाजवू दे, आपला आवाज खाली पडता कामा नये." लच्छूनं मान डोलावली आणि सुपारी घेतली. आपण 'ती मंडळी' आहोत हे सांगायची ती वेळ नव्हती, असं त्यानं मला नंतर सांगितलं.

हळद अंबरनाथला, लाडा उल्हासनगरला, दिवस वेगळे. तोवर काहीच बिघडलं नव्हतं. बिघडवलं नवरा-नवरीनं. दोन्ही घरं लग्नाआधी एकदा तरी एका छपराखाली बसावीत म्हणून त्यांनी दोन्ही कार्यक्रम एकाच संध्याकाळी, अंबरनाथच्या एकाच हॉलमध्ये घ्यायचं ठरवलं. कल्पना फार गोड होती. आम्हाला ती करंदीकरसाहेबांकडून कळली. तालमीला आले आणि चष्मा पुसत म्हणाले, "शशीताई, शनिवारी मला दोन कार्यक्रम आहेत. तारीख एक, वेळ एक, हॉल एक आणि मीही एकच. यातलं नेमकं काय चुकलंय?"

मी आणि लच्छूनं एकमेकांकडे पाहिलं.

"ताई, तू सोड तुझी," लच्छू म्हणाला.

"मी सोडली तर दादी येणार नाही. तू सोड."

"मी सोडली तर सोनावणेभाऊ मला अंबरनाथात पाऊल ठेवू देणार नाही. जयंतीच्या सगळ्या सुपाऱ्या त्यांच्या ओळखीतल्या."

मे महिन्याचे दिवस, दुसरी कुठली पार्टी मोकळी मिळणं शक्य नव्हतं. शेवटी आम्ही पार्टी मधोमध चिरली. पुरुष मंडळी लच्छूबरोबर मुलाकडच्या गादीवर. मी आणि माझ्या कोरसच्या दोघी जणी मुलीकडच्या गादीवर. साहेब आणि अँथनी मध्यभागी, वाद्यांसकट. दोन्हीकडे सांगायचं, हे हॉलतर्फे आहेत.

"म्हणजे मी हॉलचं फर्निचर," साहेब म्हणाले. पण त्यांच्या डोळ्यांत मजा होती, ती मला दिसली.

शनिवारी संध्याकाळी हॉलच्या एका टोकाला निळे फेटे आणि पांढऱ्या साड्या, दुसऱ्या टोकाला जरी आणि अत्तर. मधे एवढी मोकळी जागा, की मुलांनी तिथं पकडापकडी सुरू केली. कोणी कोणाकडे बघून हसलं तरी मोजून मापून. दादी आली होती. पांढरा दुपट्टा, हातात काठी, अगदी पुढच्या खुर्चीत. कोमल तिच्या पायाशी बसली होती, हळदीनं पिवळी आणि काळजीनं त्याहून पिवळी.

पहिला तास सुरळीत गेला. एक भीमगीत, एक लाडा, असं आलटूनपालटून. साहेब दर वेळी बटण दाबून पट्टी बदलत होते आणि आम्हाला ओळखत नसल्यासारखं तोंड करून बसले होते. दादी माझ्या गाण्यावर काठी आपटून ताल देत होती. मनात म्हटलं, निभावलं.

तेवढ्यात सोनावणेभाऊ उठले. "हे असं एकेक काय चाललंय शाळेच्या गॅदरिंगसारखं? दोन पार्ट्या आहेत, सामना होऊ द्या."

सामना म्हणजे गायन पार्ट्यांचा जुना खेळ. एकीनं गाण्यात सवाल टाकायचा, दुसरीनं त्याच चालीवर जवाब द्यायचा, जिला सुचणार नाही ती हरली. हरेशभाईंना सामना म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण समोरच्यानं आव्हान दिलंय एवढं कळलं. संध्याकाळभर आवळून धरलेली सभ्यता सैल करून ते म्हणाले, "हाँ हाँ, हो जाए! डरते हैं क्या?"

अशा रीतीनं आमच्या पार्टीचा आमच्याच पार्टीशी सामना लागला.

लच्छूनं पहिला सवाल टाकला. तुमची लेक आमच्या घरात येतेय, भाकरी थापता येते का तिला? मुलाकडचे खूश. मी सिंधीत सुरू करून हिंदीवर आले. लेक आमची बीकॉम झालीय, भाकरी नवऱ्याला थापायला शिकवा, ती गोल आहे की नाही हे लेक तपासून सांगेल. जरीच्या साड्यांमध्ये एकच हशा पिकला. मिलिंदसुद्धा हसला आणि बापानं पाहताच गप्प झाला. लच्छू श्वास कुठं घेतो, कुठल्या शब्दाला अडखळतो, मला सगळं पाठ. त्यालाही माझं. त्यामुळे सामना असा रंगला, की खऱ्या वैऱ्यांमध्ये रंगला नसता.

खरा घात केला साहेबांनी. जन्मभर कारखान्यात दोन्ही बाजू तपासून तटस्थ शेरे लिहिणारा माणूस, त्या दिवशी त्यांच्या अंगात आलं. दर सवालाला ते बटण दाबून पट्टी अर्धा सूर वर सरकवायला लागले. मी डोळे वटारले. त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि पुन्हा दाबलं. लच्छूच्या मानेच्या शिरा टरारल्या. त्यानं घाम पुसायला फेटा काढून मांडीवर ठेवला. माझा गळा तर संपलाच. गळा संपला की वाजवणारं माणूस हाताच्या आसऱ्याला जातं. मी गाणं सोडलं आणि ढोलकवर तुटून पडले. इतक्या वर्षांत लाड्याला कधी वाजवला नव्हता, तो घुमारा डाव्या हातानं आपणहून काढला. एकदा, दोनदा, आणि मग लांबलचक तिसऱ्यांदा.

"थांबा," सोनावणेभाऊ म्हणाले.

अँथनीच्या काठ्या हवेत राहिल्या. भाऊ मधली मोकळी जागा ओलांडून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "हा हात कुणाचा?"

"माझाच."

"तुझा नाय. हा आमच्या बाबुराव ढोलकीवाल्याचा हात आहे. त्याच्या मागं उभं राहून मी कोरस दिलाय."

आता लपवून उपयोग नव्हता. "मी त्यांची शशी," मी म्हटलं. "जयभीम, काका."

भाऊंनी एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या जरीच्या साडीकडे पाहिलं. "म्हंजे तू आपली?"

तेवढ्यात शेजारून दादीचा आवाज आला. "हरेश, वो सामने पापडवाले का लच्छू है ना?"

"नहीं अम्मां, वो इनका गायक है. लक्ष्मण."

"ऑपरेशन मेरी आँख का हुआ है कि तेरी?"

मोतीबिंदूचं ऑपरेशन मधल्या दिवसांत होऊन गेलं होतं. कोमल ते सांगायला विसरली होती.

पकडापकडी खेळणारी मुलंसुद्धा थांबली. मला त्या क्षणी माझी, लच्छूची, आमच्या नावाची कसलीच पर्वा वाटली नाही. मी कोमलकडे पाहिलं आणि मला रडू यायला लागलं. दादीनं काठी टेकली आणि ती उभी राहिली. कोमलनं तिचा दुपट्टा धरला, तो तिनं सोडवून घेतला. आता ही दाराकडे जाणार, हे सगळ्यांना कळलं होतं.

दादी दाराकडे गेली नाही. ती सरळ समोरच्या टोकाला गेली, मुलाकडच्या पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसली आणि हरेशभाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "असांजो छोकरो यहाँ अकेला गा रहा है. उसको ताली कौन देगा?"

आपला मुलगा परक्या गोटात एकटा पडलाय, एवढंच तिला दिसलं. तिच्या मागोमाग जरीच्या साड्या एकेक करून उठल्या आणि पलीकडे गेल्या. सोनावणेभाऊंनी हे पाहिलं. आपली बाजू भरून गेलेली आणि बाबुरावची पोर इकडे रिकाम्या खुर्च्यांसमोर बसलेली. त्यांनी आपल्या कोरसच्या जुन्या गड्यांना हाक मारली. "ए, उठा रे. आपली पोरगी तिकडं एकटी बसलीय. चला."

खुर्च्यांची अशी ओढाओढ मी कुठल्या लग्नात पाहिली नाही. पाच मिनिटांत निळे फेटे माझ्यापुढे बसून लाड्याला दाद देत होते आणि सिंधी मावश्या भीमगीतावर टाळ्या पिटत होत्या. दोन्हीकडच्यांची एकच जिद्द, जिंकायचं तर आपल्याच माणसानं. साहेबांनी पट्टी मुकाट्यानं खाली आणली आणि सामना पुन्हा सुरू झाला. कोण जिंकलं म्हणाल, तर दोन्ही घरं आजही आपणच जिंकलो म्हणतात.

गाणी थांबल्यावर दादी माझ्यापाशी आली. सोनावणेभाऊ तिथंच होते. तिनं माझी हनुवटी धरून तोंड वर केलं, नव्या डोळ्यानं नीट पाहिलं आणि भाऊंना विचारलं, "ये आपकी है?"

"आमचीच. बाबुरावची."

"अंबरनाथ में लाडा गाते हैं लोग?"

ज्या माणसानं त्या संध्याकाळपर्यंत एकही लाडा ऐकला नव्हता, तो पापणी न हलवता म्हणाला, "रोज."

दादीला ते खरं वाटलं नाही. ती इतकी हसली, की तिला काठीचा आधार घ्यावा लागला. मग डोळे पुसून म्हणाली, "ठीक है. ले जाओ मेरी कोमल को." कोमल मागून येऊन तिला बिलगली. हळद दुपट्ट्याला लागली म्हणून दादी तिच्यावर ओरडली, पण तिला बाजूला केलं नाही.

मी वाकून नमस्कार केला, तर माझ्या डोक्यावर टपली बसली. "और तू. वो आखिरी वाला लाडा गलत गाती है. सरक."

दादी माझ्या गादीवर मांडी घालून बसली. साहेबांनी अदबीनं विचारलं, "आजी, पट्टी कोणती देऊ?" तिला काय विचारलं तेच कळलं नाही, तिनं गायला सुरुवात केली. साहेब तिचा सूर शोधत एक पट्टी दाबत होते, मग शेजारची, मग पुन्हा पहिली. शेवटी माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "शशीताई, ही पट्टी कीबोर्डात नाहीच आहे." मग त्यांनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले आणि सगळ्या बायकांबरोबर टाळ्या वाजवायला लागले.